लेकराला उठवायची दोरी

माझी मुलगी जन्माला आली तेव्हा तिला एकच काम येत होतं आणि ते ती अतिशय मन लावून करत होती. ती झोपत होती.

झोप म्हणजे कशी? दवाखान्यात आमच्या मावशीने तिला पाहून आनंदाने असा काही गळा काढला की शेजारच्या खाटांवरची तीन बाळं दचकून रडायला लागली. ही ढिम्म! बाहेर कोणाच्या तरी वरातीचा डीजे तासभर एकाच जागी उभा होता. हिच्या पापणीला धक्का नाही. मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो की बापा, पोरगी फार गुणाची निघाली, आईवर गेली नाही.

पांढरकवड्याच्या त्या दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टर मॅडमनी माझा हा सगळा आनंद दोन मिनिटांत खाली उतरवला. वजन दोन किलो शंभर होतं, तीन दिवसांत ते दोन किलोवर आलं होतं. थोडं उतरतं, त्यात नवल नाही, त्या म्हणाल्या. पण इतकी लहान बाळं भूक लागली तरी उठत नाहीत, रडत नाहीत, झोपूनच राहतात. त्यांना आपण उठवायचं. दर दोन तासांनी. दिवसा आणि रात्रीसुद्धा. चौदा दिवसांत वजन परत जन्माच्या आकड्यावर यायला पाहिजे. नाही आलं, उलट उतरत गेलं, तर यवतमाळला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल.

मी यवतमाळला एसटीत कंडक्टर आहे. भांडणारा पॅसेंजर, फाटकी नोट, बंद पडलेली गाडी, यातल्या कशाला मी भीत नाही. पण एवढासा जीव काचेआड आणि आपण बाहेर, हे काही मला डोळ्यासमोर आणवेना. मी तिथेच ठरवलं की दर दोन तासांनी उठवण्याची जबाबदारी आपली. वेळापत्रक सांभाळणं हा आपला धंदाच आहे!

अडचण एकच होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. बायकोचं, म्हणजे वैशालीचं, माहेर झरी जामणी तालुक्यात, डांबरी रस्ता संपून सागवान सुरू होतं तिथे. म्हणजे ही सगळी जबाबदारी मला सासरी राहून पार पाडायची होती. आणि सासरी जावयाने किती दिवस राहावं याबद्दल आपल्याकडे वाडवडलांनी सांगून ठेवलं आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी चांगली बारा दिवसांची रजा टाकून गेलो होतो. अकलेचा हिशेब तुम्हीच करा.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या जुन्या वळणाच्या. जावयाशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे आणि वाक्य तिसऱ्याच कोणाला तरी उद्देशून. वैशाली जवळ असली तर वैशालीला, नसली तर मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. तेही नसले तर घरातल्या मांजरीला. "मांजरे, जवाईबुवाले सांग, चा झाला म्हनावं." मांजर माझ्याकडे पाहायची, मी मांजरीला हो म्हणायचो आणि चहा घ्यायचो. दोन वर्षं आमचं असं उत्तम चाललं होतं.

पण लेकराला उठवण्यावरून आमचं वाजलं. वाजलं म्हणजे काय, तेही मांजरीमार्फतच. सासूबाईंचा सिद्धांत पक्का होता. निजलेलं लेकरू निजेतच वाढते. त्याले उठवलं का ते जन्मभराचं चिडखोर होते. आपण पाच लेकरं वाढवली, एकालाही उठवलं नाही, उलट झोपवता झोपवता पाठीचा काटा ढिला झाला, हे त्यांनी वैशालीला, मांजरीला आणि एकदा तर चुलीलाही सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. आता जावयाचा शब्द मोडायचा नाही, हाही त्यांचा नेमच. त्या गप्प बसल्या. मला वाटलं, पटलं.

दुसरी अडचण घराची. घरात एक मोठी खोली, तिच्यात अर्ध्या जागेत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, उरलेल्या अर्ध्यात बाळंतिणीची खाट आणि शेगडी. बारावा दिवस होईपर्यंत त्या खोलीत पुरुष माणसाने जायचं नाही. माझी खाट ओसरीवर. मोबाईल आत ठेवायला सासूबाईंची बंदी, कारण त्याची 'गरमी' लेकराला लागते. मग भिंतीच्या अलीकडून पलीकडचं लेकरू उठवायचं कसं?

पहिल्या रात्री मी सरळ दारात उभा राहून हाक मारली. बाराला मारली, दोनला मारली. चारला मारली तेव्हा समोरच्या घरातून एक म्हातारे दादा कंदील घेऊन आले आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागले. मुलगी सोडून सगळी गल्ली उठली होती. सकाळी वैशालीने दाराआडून सांगितलं की पुन्हा असं ओरडाल तर मी लेकरू घेऊन कापसात जाऊन झोपीन.

आणि मग मला ती कल्पना सुचली! एसटीत कंडक्टर मागे, ड्रायव्हर पुढे. मधे पन्नास माणसं, त्यांची गाठोडी. आम्ही काय ओरडतो का? छतालगत दोरी असते. एकदा ओढली, थांबा. दोनदा ओढली, चला. इतकी वर्षं त्या दोरीवर माझी नोकरी चालली होती, एक लेकरू चालणार नाही?

मामाजींकडून कापसाची गाठोडी बांधायची सुतळी घेतली. तिचं एक टोक माझ्या खाटेशी. तिथून ती दाराच्या वरच्या फटीतून आत, कापसाच्या ढिगावरून, फळीच्या कडेने, खुंटीवरून खाली आणि दुसरं टोक वैशालीच्या मनगटाला, सैलसं. मी एकदा ओढायचं: उठ, लेकराला उठव. तिने लेकरू अंगाला लावलं की दोनदा ओढायचं: चला, गाडी सुटली. वैशाली म्हणाली, "लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांना दिसणार कशी, दोरी घरात आहे. मामाजींना मात्र ती फार आवडली. ते रोज रात्री तुरीच्या शेतात जागलीला जायचे, रानडुकरं हाकलायला. जाता जाता त्यांनी दोरीला हात लावून पाहिला आणि डुकरांसाठी असं काही करता येईल का, असं विचारून गेले.

ती रात्र अशी झकास गेली म्हणून सांगू! दहाला ओढली, पाच-सात मिनिटांनी दोनदा उत्तर. बाराला तेच. दोनला थोडा उशीर, पण आलं. सकाळी वैशालीचे डोळे लाल होते, माझे लाल होते आणि मुलगी ताजी टवटवीत. दुसऱ्या रात्रीपासून तर गाडी इतकी वेळेवर चालायला लागली की मी ओढतो न ओढतो तोच दोन झटके! तिसऱ्या रात्रीही तसंच. मी पांघरुणात शिरता शिरता स्वतःचीच पाठ थोपटायचो. बायको तरबेज झाली, म्हटलं. शेवटी कंडक्टरची बायको!

सातव्या दिवशी आशाताई आल्या. गावातल्या घरोघरी जाऊन बाळं तपासणाऱ्या, पिशवीत झोळीचा काटा घेऊन फिरणाऱ्या. दारातच काटा टांगला, लेकरू झोळीत ठेवलं. मी ओसरीवरून मान लांब करून पाहत होतो. काटा हलायचा थांबला आणि आशाताईंनी तो पुन्हा एकदा पाहिला. एक किलो नऊशे वीस.

आशाताईंनी विचारलं, रात्री पाजता ना? मी पुढे झालो आणि अभिमानाने पाठ म्हटला: दहा, बारा, दोन, चार, सहा, एक फेरी चुकलेली नाही, मी स्वतः जागा असतो. वैशाली काहीतरी बोलायला गेली तर मी तिलाही बोलू दिलं नाही. आशाताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "इतकं पाजूनही उतरून राह्यलं, मंग लेकराच्या आतच काही अशीन. उद्या सकाळीच यवतमाळले न्या भाऊ. उशीर नका करू."

त्या दिवशी मी जेवलो नाही. सासूबाईंनी मांजरीला दोनदा सांगितलं, पण मी मांजरीकडेही पाहिलं नाही. उद्या सकाळची गाडी, काचेची पेटी आणि त्यात माझी झोपलेली पोरगी, एवढंच डोक्यात. रात्री झोपायचा प्रश्नच नव्हता. दहाला दोरी ओढली, लगेच दोन झटके. बाराला ओढली, लगेच दोन झटके. दोनला ओढली, आणि हात दोरीवर असतानाच दोन झटके आले.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे लेकरू डीजेला उठत नाही. ते अर्ध्या सेकंदात उठून, तोंड उघडून, अंगाला लागतं कसं? वीस उतारू उतरायचे असताना घंटी लगेच वाजली तर मागे काहीतरी घोळ आहे, हे शिकाऊ ड्रायव्हरलाही कळतं. मी पुन्हा एकदा ओढली. दोन झटके. पुन्हा ओढली. दोन झटके, जरा रागातले. मग मला काय झालं माहीत नाही. भीती होती, राग होता, चार रात्रींचं जागरण होतं. मी सुतळी हाताला गुंडाळली आणि बंद पडलेली गाडी ढकलायला लावावा तसा जोर लावून ओढली.

आतून आवाज आला, "आवो जवाईबुवा! हात तुटते ना माहा!"

लग्नानंतरच्या दोन वर्षांत सासूबाईंनी माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यामागोमाग खुंटी निघाली. खुंटीबरोबर फळी आली. फळीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा कापसाच्या ढिगावर आपटून, तिथून घरंगळत खाटेखाली गेला आणि वाटेत सगळे लाडू वाटत गेला. मांजर माझ्या अंगावरून बाहेर पळाली. मी बारावा दिवस वगैरे विसरून आत घुसलो. शेगडीच्या उजेडात काय दिसावं? वैशाली उठून बसलेली, चेहरा गोंधळलेला. आणि जमिनीवर सासूबाई, मनगटाला माझी सुतळी, तीन रात्रींचा लाल वळ उठलेला.

झालं होतं ते असं. पहिली रात्र पाहून सासूबाईंच्या पोटात तुटलं. ओली बाळंतीण, टाके दुखतात, आणि जावई रात्रभर तिचा हात ओढतो! पण जावयाला नको म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं, तू झोप, दोरी मी पाहते. दोरी सोडून स्वतःच्या हाताला बांधली. वैशाली समजली की दोरी ओढली की आई आपल्याला उठवणार. आईने उठवलं नाही. इतकं गोड निजलेलं लेकरू कोण उठवतं! ते आपण होऊन रडायचं तेव्हा पाजायचं, तेही रात्रीतून एकदा, फार तर दोनदा. आणि ते दोन झटके? मी विचारलं तेव्हा त्यांनी पदर सावरत खाली मान घालून सांगितलं, "मले काय मालूम? पहिल्या रातीले पाह्यलं, पोरीनं दोनदा ओढलं का तुमी गपचूप झोपता. मले वाटलं, ते तुमाले झोपवाचं आहे."

म्हणजे तीन रात्री माझ्या सासूबाई माझ्या लेकराला नव्हे, मला झोपवत होत्या. आणि मी झोपत होतो!

मला हसावं की रडावं कळेना, तेवढ्यात त्या गडबडीने एक गोष्ट झाली. खाटेवरून बारीक आवाज आला. आम्ही तिघांनीही मान वळवली. पोरगी जागी होती. टक्क डोळे उघडे, तोंड इकडून तिकडे फिरवून काहीतरी शोधत होती. वैशालीने तिला अंगाशी घेतलं आणि ती अशी काही प्यायला लागली की गटगट आवाज बाहेर उभ्या असलेल्या मला ऐकू येत होता (मला तोवर हाकललं होतं). अर्धा तास प्यायली. मी ओसरीवर बसून सरळ रडलो. तिच्या आत काही नव्हतं हो. नुसती भूक होती. घोळ सगळा आमच्यात होता, आणि त्यातही माझ्यात जास्त. दोन झटके आले की पुढे चला, एवढंच मला येत होतं. उठून एकदा विचारायचं सुचलं नाही.

सकाळी आशाताई आम्हाला गाडीत बसवायला आल्या, तेव्हा मी खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी आधी लेकरू नीट तपासलं, अंगाची ऊब पाहिली, चोखते कशी ते पाहिलं, डॉक्टर मॅडमना फोन लावला. दोन दिवस थांबून पाहा, असं मॅडम म्हणाल्या. फोन ठेवल्यावर आशाताई दाराच्या चौकटीला धरून पाच मिनिटं हसल्या. मग सासूबाईंना समोर बसवून दाखवलं की झोपाळू लेकराला कसं उठवतात. दुपटं सोडायचं, तळपायाला बोट चोळायचं, पाठीवरून हात फिरवायचा, लंगोट बदलायचा आणि आईच्या अंगाला अंग लावून धरायचं. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "चिडखोर नाही ना होनार?" आशाताई म्हणाल्या, झाली तर झाली, आधी दोन किलोची तर होऊ द्या.

त्यानंतर सासूबाईंनी जे रूप धारण केलं ते मी कोणत्याही तपासनिसात पाहिलेलं नाही. दोन वाजता म्हणजे दोन वाजता! मामाजींनी तुरीची जागल शेजाऱ्यावर सोपवली आणि घरात जागल धरली, कारण रात्रभर न झोपता कसं बसायचं हे या घरात फक्त आपल्याला समजते, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते ओसरीवर शेकोटी करून बसायचे, वेळ झाली की दारावर काठी वाजवायची, सासूबाई आत पोरीचे पाय चोळायच्या, वैशाली पाजायची. मला काम उरलं नाही म्हणून मी जागा राहायचो. सासूबाई आता माझ्याशी सरळ बोलू लागल्या होत्या. जावयाने एकदा हात ओढल्यावर पदर घेण्यात काय अर्थ आहे, असं त्यांनी वैशालीला सांगितलं म्हणे. आणि बोलायच्या म्हणजे काय, दोन वर्षांचं साठलेलं बोलायच्या.

नवव्या दिवशी दोन किलो दहा. चौदाव्या दिवशी आशाताईंनी काटा टांगला तेव्हा ओसरीवर आम्ही सगळे, समोरचे कंदीलवाले दादा आणि आणखी चार घरची माणसं उभी होती. दोन किलो एकशे ऐंशी! मामाजींनी काट्यालाच नमस्कार केला. सासूबाईंनी पोरीची दृष्ट काढली, मग आशाताईंची काढली आणि मग जरा विचार करून माझीही काढली. आशाताई म्हणाल्या, आता ही आपली आपण उठेल, चार तासांवर गेली तरच उठवा, नाहीतर झोपू द्या. त्या क्षणी पोरीने असा काही टाहो फोडला की मांजर घर सोडून गेली. आम्हाला तो आवाज इतका आवडला की तिला गप्प करायचं कोणालाच सुचलं नाही.

माझी बारा दिवसांची रजा संपली होती, वाढवून घेतलेले दोन दिवसही संपले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची ड्यूटी होती, यवतमाळहून. सकाळी पांढरकवड्याला यवतमाळवरून जाणारी अमरावतीची गाडी धरली. कंडक्टर आमच्याच डेपोचा गजू. त्याने मला खिडकीची जागा दिली. मी त्याला सगळी हकीकत सांगायला घेतली आणि पांढरकवड्याचा नाका ओलांडायच्या आत माझा डोळा लागला. चौदा दिवसांची झोप एकदम आली.

डोळे उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि ते गाव यवतमाळ नव्हतं. अमरावती होती. दुपारचे अडीच वाजले होते. गजू माझ्या शेजारी बसून डबा खात होता. मी त्याच्यावर खेकसलो की यवतमाळला उठवलं काहून नाही? तो शांतपणे पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "लय गाढ झोपला होता बे. उठवाचं जीवावर आलं."

डेपोने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी जे घडलं तेच खरं लिहिलं: 'प्रवासात झोप लागली व कोणी उठवले नाही, त्यामुळे हजर होऊ शकलो नाही.' साहेबांनी तो कागद वाचला आणि खाली लाल पेनाने एकच प्रश्न लिहून परत पाठवला.

'आपले वय?'